आऽब्लो की आब्लोऽ? स्पॅनिशचा भूतकाळ आणि डोक्यावरची रेघ

ह्या वेळी प्रश्नांची पेटी उघडली तर बहुतेक सगळेच भूतकाळात अडकलेले, म्हणून म्हटलं एकदाच बसून निपटवू. आधी एक छोटी सोय करून घेऊ. स्पॅनिश शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय (उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरलाय), आणि ज्या स्वरावर जोर आहे त्याच्यापुढे ऽ टाकतेय, कॉमिक्समध्ये 'अरेऽऽ' लिहितात तसा. हा ऽ फक्त जोर कुठे ते दाखवतो, खऱ्या स्पेलिंगमध्ये रेघ आहे की नाही ते मी लागेल तिथे वेगळं सांगेन. त्या तिरक्या रेघेला स्पॅनिशमध्ये तिल्दे म्हणतात, मी रेघच म्हणणार.

ताई, मी मोबाईलवर टाइप करताना रेघा देतच नाही. समोरच्याला कळतं की! चॅटमध्ये स्पॅनिश लोक स्वतः पण देत नाहीत. मग एवढं डोकं का खायचं?

चॅटमध्ये ते लोक खातात रेघा, खरंय. पण ते कुठे खातात ते बघ. ज्या शब्दात गोंधळ होणारच नाही तिथे बिनधास्त खातात, आणि भूतकाळ ही नेमकी ती जागा आहे जिथे रेघ गेली की अर्थ पण गेला. आऽब्लो म्हणजे 'मी बोलतो', रेघ नाही. आब्लोऽ म्हणजे 'तो बोलला', शेवटच्या ओ वर रेघ. अक्षरं तीच, पण माणूस पण बदलला आणि काळ पण. तसंच आऽब्ले (बोला, आपण बोलावं, अशा अर्थाचं आदरार्थी रूप) आणि आब्लेऽ (मी बोललो). आर-वाल्या (ज्यांचं मूळ रूप -ar ने संपतं, जसं आब्लाऽर, 'बोलणं') जवळजवळ सगळ्या क्रियापदांना ही जोडी आहे, म्हणजे हजारो शब्द.

आपल्याकडे दिन आणि दीन आहे ना, एक दिवस आणि दुसरा गरीब, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. तिथे आपण म्हणतो का, की काय फरक पडतो ऱ्हस्व-दीर्घाने? (म्हणतात लोक, पण मग त्यांचं मराठी वाचवत नाही.) स्पॅनिशची रेघ त्याच जातीची आहे, सजावट नाही, उच्चाराचा भाग आहे.

माझीच फजिती सांगते. भाषांतराची कामं नुकती सुरू केली होती, एका क्लायंटला करार संपल्याचं ईमेलने कळवायचं होतं. तेर्मिनोऽ एल कोन्त्राऽतो, म्हणजे 'करार संपला', शेवटच्या ओ वर रेघ हवी. मी घाईत रेघ न देता पाठवलं, तर त्याचं झालं तेर्मीऽनो एल कोन्त्राऽतो, 'मी करार संपवते'. तिकडून दहा मिनिटांत फोन, की बाई तुम्ही कोण करार संपवणार, आणि का? वर गंमत म्हणजे ह्या शब्दाचं तिसरं भावंडं पण आहे, तेऽर्मिनो, पहिल्या ए वर रेघ, म्हणजे संज्ञा, शेवट किंवा मुदत. तीन शब्द, तीन जागी जोर, अक्षरं सारखी.

नियम खरं तर एवढासाच आहे. (इथे अक्षर म्हणजे एका दमात म्हटला जाणारा तुकडा, देवनागरीत तो दोन अक्षरांत लिहावा लागला तरी.) शब्द स्वराने संपत असेल किंवा एन नाहीतर एस ने संपत असेल तर जोर आपोआप शेवटून दुसऱ्या अक्षरावर, बाकी कशाने संपला तर शेवटच्या अक्षरावर. शब्द ह्या सवयीप्रमाणे वागत असेल तर रेघ नको, सवय मोडत असेल तर रेघ. आब्लोऽ स्वराने संपतो पण जोर शेवटी, सवय मोडली, रेघ आली. आब्लाऽरोन (ते बोलले) एन ने संपतो, जोर शेवटून दुसऱ्यावर, सवयीप्रमाणे, रेघ नाही. म्हणून आधी तोंडाने म्हण, मग लिही. उलटं केलंस तर जन्मभर पाठ करत बसशील.

मॅडम, रेग्युलर क्रियापदांना मी आणि तो ह्या रूपांवर रेघ येते हे पाठ झालं. मग मी दीऽखो, ईऽसो, तूऽबो सगळ्यांवर रेघा दिल्या तर टीचरने लाल पेनाने पेपर रंगवला. असं का?

कारण तुम्ही रेघ भूतकाळाला दिलीत, जोराला नाही. रेघ काळाची खूण नाहीये हो. हे सगळे जे बंडखोर आहेत, दीऽखे (मी म्हणालो), ईऽसे (मी केलं), तूऽबे (माझ्याकडे होतं), पूऽदे (मला जमलं), पूऽसे (मी ठेवलं), बीऽने (मी आलो), त्राऽखे (मी आणलं), ह्यांचा जोर शेवटी नाहीच, मागे मुळावर आहे. शब्द स्वराने संपतो, जोर शेवटून दुसऱ्यावर, सवय पाळली, मग रेघ कशाला? तुम्ही दिखोऽ असं म्हणून बघा, कोणी स्पॅनिश माणूस तसं म्हणणार नाही. वर्गात मी मुलांना ह्यांची यादी देत नाही, आधी पाच मिनिटं नुसतं मोठ्याने म्हणायला लावते, दीऽखे दीऽखो, तूऽबे तूऽबो, तोंडाला सवय लागली की हात आपोआप रेघ देत नाही.

ह्यांच्यातच दोन छोट्या खोड्या. ईऽसे सी ने लिहितात पण ईऽसो (त्याने केलं) झेड ने, कारण सी पुढे ओ आला की उच्चार 'को' होईल. आणि ज्यांच्या मुळात तो खरखरीत ख आला, ते 'ते' च्या रूपात एक ई गिळतात, म्हणून दिखेऽरोन (ते म्हणाले), त्राखेऽरोन (त्यांनी आणलं). दिखिएऽरोन म्हटलंत की लगेच कळतं नवशिके आहात.

मग एकाक्षरी मंडळी. फुए (तो होता, किंवा तो गेला), फुई (मी होतो, किंवा मी गेलो), दियो (त्याने दिलं), बियो (त्याने पाहिलं), ह्यांच्यावर रेघ नाही, कारण एकच अक्षर असेल तर जोर कुठे हा प्रश्नच नाही. पण जुनं पुस्तक हातात आलं तर त्यात ह्यांच्यावर रेघा दिसतील आणि तुम्हाला वाटेल छपाईची चूक. चूक नाही ती. स्पॅनिश अकादमीने १९५२ साली नवे नियम काढले आणि १९५९ पासून ते सक्तीचे झाले, तेव्हा ह्या रेघा गेल्या. त्यामुळे अजूनही काही वयस्कर लोक देतात, हात बसलेला असतो. आणि सावध राहा, बियो वर रेघ नाही पण त्याला प्रे जोडून प्रेबियोऽ (त्याने आधीच ओळखलं) केलं की दोन अक्षरं झाली, जोर शेवटी, रेघ परत आली. रेघ खाल्लीत तर प्रेऽबियो होईल, म्हणजे 'आधीचा'.

हसण्याच्या क्रियापदाची तर मजाच. 'तो हसला' म्हणजे रियो, २०१० च्या शुद्धलेखनापासून रेघ नाही, लिखाणापुरतं ते एकच अक्षर मानायचं असं ठरलं. पण 'मी हसतो' म्हणजे रीऽओ, ई वर रेघ, आणि नदीला पण रीऽओ, तशीच रेघ. म्हणजे इथे वर्तमानाला रेघ आणि भूतकाळाला नाही! बरोब्बर उलटं. पण जोराच्या नियमाने बघितलं तर काहीच उलटं नाही.

दोन भूतकाळ का आहेत हेच कळत नाही. पुस्तकात लिहिलंय एक पूर्ण क्रियेसाठी, एक अपूर्ण क्रियेसाठी. मग 'मी दहा वर्षं तिथे राहत होतो' हे लांबलचक आहे म्हणून अपूर्णवालं घातलं, तेही चूक! मी इंग्रजीतून शिकतेय, डेलेची (स्पॅनिश येतं असा दाखला देणारी) परीक्षा द्यायचीय, मदत करा.

पहिलं काम, इंग्रजीतून शिकणं थांबवा. म्हणजे पुस्तक असू दे, पण डोक्यात भाषांतर इंग्रजीचं करू नका. इंग्रजीत 'राहिलो' आणि 'राहायचो' साठी बहुतेक वेळा एकच रूप पुरतं, म्हणून त्यांच्या पुस्तकांना हा फरक समजवायला पानंच्या पानं लागतात, टाइमलाइन काढतात, बाण काढतात, कॅमेरा आणि फोटो ह्यांची उदाहरणं देतात. आपल्याला हे सगळं आईच्या दुधातून मिळालंय. बघा:

मी पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. मी पोचलो आणि पाऊस पडला. ह्या दोन वाक्यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवला होता का? नाही ना. पहिल्यात पाऊस आधीपासून चालूच आहे, स्पॅनिशमध्ये योबीऽआ, अपूर्णवालं, ज्याला इम्पेरफेक्तो म्हणतात. दुसऱ्यात पाऊस नंतर आला, योबियोऽ, पूर्णवालं, इन्देफिनिदो. तर चाचणी अशी, मनात मराठी वाक्य म्हणा. 'करत होतो' किंवा 'करायचो' येत असेल तर इम्पेरफेक्तो. 'केलं, गेलो, बोललो' येत असेल तर इन्देफिनिदो. 'लहानपणी मी खूप बोलायचे' आब्लाऽबा. 'काल मी तिच्याशी बोलले' आब्लेऽ. सरळ. आपल्याकडे तर दोन रूपं आहेत, चालू क्रियेसाठी 'करत होतो' आणि सवयीसाठी 'करायचो', स्पॅनिश बिचारी दोन्ही एकाच इम्पेरफेक्तोत कोंबते.

सगळ्यात सुंदर जागा म्हणजे जाणण्याची क्रियापदं, इथे इंग्रजीवाले रडतात आणि आपण हसतो. साबीऽआ म्हणजे 'मला माहीत होतं', सूऽपे म्हणजे 'मला कळलं'. क्रियापद एकच, काळ बदलला की मराठीत चक्क शब्दच बदलतो. कोनोसीऽआ म्हणजे 'मी ओळखायचे', कोनोसीऽ म्हणजे 'माझी ओळख झाली'. पोदीऽआ 'करता येत होतं' (केलं की नाही देव जाणे), पूऽदे 'जमलं एकदाचं'. नो केरीऽआ 'मला नको होतं', मनातल्या मनात, आणि नो कीऽसे 'मी चक्क नाही म्हटलं'. हे चार संभाळलेत तर तुमचं स्पॅनिश एकदम पिकलेलं वाटेल.

आता जिथे मराठी फसवते ते सांगायला हवं, नाहीतर उद्या मलाच शिव्या घालाल. दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा तुमचाच, दहा वर्षंवाला. मराठीत आपण 'दहा वर्षं राहिलो' आणि 'दहा वर्षं राहत होतो' दोन्ही म्हणतो, कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. स्पॅनिशमध्ये एकूण माप दिलंत, दहा वर्षं, तीन तास, चार वेळा, की डबा बंद झाला, इन्देफिनिदो, बिबीऽ दिएऽस आऽन्योस. क्रिया किती लांब होती ह्याच्याशी काही संबंध नाही, शंभर वर्षं असली तरी चालेल, तुम्ही तिला बाहेरून मोजताय की आत उभे राहून बघताय एवढाच प्रश्न. 'मी तिथे राहत होते तेव्हा एक गोष्ट घडली' म्हटलं की तुम्ही आत उभ्या आहात, बिबीऽआ. आणि ते वर्षांचं आऽन्योस लिहिताना एन वरची लाट विसरू नका हं, ती रेघ नाही, ते वेगळंच अक्षर आहे, आणि लाटेशिवाय त्या शब्दाचा अर्थ जो होतो तो डॉक्टरांच्या खोलीत बोलायचा अवयव आहे. 'माझं वय इतकं' सांगताना भलतंच काहीतरी सांगून बसाल.

दुसरा खड्डा 'होता'. आपलं 'होता' सगळीकडे बसतं म्हणून चाचणी बंद पडते. तेव्हा असं करा, 'होता' काढून 'झाला' किंवा 'गेला' घालून बघा. मीटिंग आठ वाजता होती, म्हणजे ठरली होती, पुढे झाली की रद्द झाली माहीत नाही, एऽरा. मीटिंग आठ वाजता झाली, फुए. 'पेपर अवघड होता' हे पण म्हणजे अवघड गेला, फुए. तो उंच होता, इथे 'उंच झाला' घातलं तर अर्थच बदलतो, म्हणून एऽरा. वय आणि घड्याळ ह्यांना मात्र डोळे मिटून इम्पेरफेक्तो, 'तेव्हा मी सात वर्षांची होते' तेनीऽआ, 'आठ वाजले होते' एऽरान.

आणि परीक्षेच्या आधी एक दिलासा. इम्पेरफेक्तोत बंडखोर क्रियापदं फक्त तीन, असणं, जाणं आणि पाहणं. बाकी सगळी स्पॅनिश भाषा तिथे शिस्तीत चालते. रेघा पण सोप्या, ईआ-वाल्या सगळ्या रूपांत ई वर रेघ, एकही अपवाद नाही, आणि आबा-वाल्यांत फक्त 'आम्ही' ला, आब्लाऽबामोस. एऽरामोस आणि ईऽबामोस पण त्याच कारणाने, जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर गेला की रेघ हमखास.

'मी चिठ्ठी लिहिली आहे' ह्यात चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे, स्पॅनिशमध्ये पण काऽर्ता स्त्रीलिंगी, म्हणून मी एस्क्रीऽता लिहिलं. चूक कसं?

अहो ही अस्सल मराठी चूक आहे, म्हणून मला फार आवडते. आपल्याला मराठीत 'मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं, मी लेख लिहिला', क्रियापद कर्माच्या मागे पळतं. स्पॅनिश भूतकाळात क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे, कर्म काही का असेना. आणि 'लिहिली आहे' वाल्या जोडकाळात तर ते रूप गोठलेलं असतं, ए एस्क्रीऽतो, मग चिठ्ठी असो, पत्रं असोत, शंभर असोत, ओ चा आ होणार नाही. एस्क्रीऽता कधी येईल, तर 'चिठ्ठी लिहिलेली आहे' असं तिचं वर्णन करताना, ला काऽर्ता एस्ताऽ एस्क्रीऽता. 'लिहिली आहे' आणि 'लिहिलेली आहे', बघा परत मराठीनेच सोडवलं.

जाता जाता, हा जोडकाळ किती वापरायचा ते देशावर आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात 'आज मी जेवलो' साठी हाच जोडकाळ, मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी साधा भूतकाळ, कोमीऽ. स्पेनमध्येच गॅलिसिया, अस्तुरियास, कॅनरी बेटं इथे पण साधाच चालतो. दोन्ही बरोबर, एका वाक्यात खिचडी नको.

कोणी हाक मारली की मी पटकन बीऽने म्हणते, 'आलेऽ!' अशा अर्थाने. माझी स्पॅनिश मैत्रीण खिदळते.

खिदळणारच! आपण अजून खुर्चीतून उठलेलो पण नसतो आणि म्हणतो 'आले'. मराठीचा भूतकाळ असा धावत पुढे जातो. स्पॅनिशमध्ये भूतकाळ म्हणजे झालेलंच, आणि वर तिथे ऐकणाऱ्याकडे जायचं असेल तर 'येणं' नाही, 'जाणं' वापरतात, या बोऽय, म्हणजे शब्दशः 'आता जाते'. तशीच 'भूक लागली', आपल्याकडे भूतकाळ, तिकडे तेऽन्गो आऽम्ब्रे, वर्तमान, 'माझ्याकडे भूक आहे'. 'दमले' ला पण वर्तमान, 'बसलाय' ला पण वर्तमान. मराठीचं 'ला-ली-लं' दिसलं की इन्देफिनिदो हा माझा वरचा नियम इथे गळपटतो, मान्य करते. आत्ताच्या स्थितीबद्दल बोलत असाल तर नियम बाजूला ठेवायचा.

आब्लाऽमोस म्हणजे 'आम्ही बोलतो' की 'आम्ही बोललो'?

दोन्ही. रेघ नाही, फरक नाही, 'काल' म्हटलं की कळतं. एर-वाल्यांना (मूळ रूप -er ने संपणाऱ्यांना) मात्र वेगळं आहे, 'आम्ही जेवतो' कोमेऽमोस आणि 'आम्ही जेवलो' कोमीऽमोस. ईर-वाल्यांना (-ir) परत एकच.

लेईऽस्ते (तू वाचलंस) वर रेघ आणि कोन्स्त्रुईऽस्ते (तू बांधलंस) वर नाही, हा काय अन्याय?

ए आणि ई शेजारी आले आणि जोर ई वर असेल तर दोघांना वेगळं करायला रेघ लागते. ऊ आणि ई मात्र कागदावर नेहमी एकत्र कुटुंब, त्यामुळे रेघ नाही. पण कोन्स्त्रुईऽ (मी बांधलं) वर आहे, जोर शेवटच्या अक्षरावर म्हणून. आणि त्या 'तू' च्या रूपाला शेवटी एस चिकटवू नकोस, वर्तमानात असतो म्हणून इथे पण येईल असं वाटतं, स्पॅनिश लोक पण चिकटवतात, तरी चूक ती चूकच.

कॉम्प्युटरवर रेघ कशी काढायची? आणि कॅपिटल अक्षरावर देत नाहीत ना?

कॅपिटलवर पण द्यायची, अकादमीचं म्हणणं स्पष्ट आहे. देत नाहीत ही टाइपरायटरच्या जमान्यातली अफवा. मोबाईलवर स्वर दाबून धरा. मॅकवर ऑप्शन आणि इंग्रजी E दाबून मग स्वर. विंडोजवर कीबोर्ड यूएस इंटरनॅशनल करून घ्या, मग आधी एकेरी अवतरण आणि लगेच स्वर, झाली रेघ. दुसऱ्याच्या मशीनवर असाल तर आल्ट दाबून उजवीकडचे आकडे, आ ला १६०, ए ला १३०, ई ला १६१, ओ ला १६२, ऊ ला १६३, लाटेच्या एन ला १६४. ए तेवढा रांगेबाहेर का बसलाय हे मला विचारू नका, मी चिकटपट्टीवर लिहून स्क्रीनच्या कोपऱ्यात लावलंय, १३०.